सॉक्रेटिसने काहीच लिहून ठेवले नाही; मग आपण वाचतो तो सॉक्रेटिस कोणाचा?

प्रश्न : वाचनवेल

गेले तीन महिने आमच्या वाचनगटात प्लेटोचे चार संवाद चालू होते: युथिफ्रो, अपॉलॉजी, क्रायटो आणि फीडो. खटल्याआधीच्या भेटीपासून विषाचा पेला रिकामा होईपर्यंतची ती हकिकत मनात इतकी घर करून राहिली की, याच खटल्याविषयी आणखी कोणी काय लिहिले आहे ते पाहावे म्हणून मी झेनोफनची 'अपॉलॉजी' हाती घेतली. (इथे अपॉलॉजी म्हणजे माफी नव्हे, तर न्यायालयापुढचे बचावाचे भाषण. आमच्या गटातही पहिल्याच दिवशी हे सांगावे लागले होते.) झेनोफन हाही अथेन्सचाच, प्लेटोच्याच पिढीचा आणि सॉक्रेटिसच्या सहवासात राहिलेला. तरीही दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचताना मी एकाच माणसाविषयी वाचतो आहे की दोघांविषयी, असा प्रश्न पडला.

उदाहरण म्हणून शिक्षेचा प्रसंग घेतो. अथेन्समध्ये अशा खटल्यात आरोपी दोषी ठरला की फिर्यादी एक शिक्षा सुचवीत असे आणि दोषी दुसरी, व ज्यूरीने त्या दोहोंतून एक निवडायची असे. प्लेटोच्या पुस्तकात सॉक्रेटिस आधी म्हणतो की माझ्या कामाला साजेसे फळ द्यायचे असेल तर नगराने मला सार्वजनिक भोजनगृहात सन्मानाने जेवू घालावे. त्यानंतर तो एक मिना (तेव्हाचे चलन) दंड देऊ करतो आणि शेवटी प्लेटो, क्रायटो, क्रिटोब्युलस व अपोलोडोरस हे चौघे जामीन राहतात म्हणून ती रक्कम तीस मिनांवर नेतो. झेनोफन मात्र स्पष्ट लिहितो की सॉक्रेटिसने स्वतः शिक्षा सुचवली नाही आणि मित्रांनाही सुचवू दिली नाही, कारण शिक्षा सुचवणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय.

डेल्फीच्या अपोलो-मंदिरातल्या देववाणीतही असाच फरक आहे. प्लेटोनुसार देववाणी सांगते की सॉक्रेटिसहून अधिक ज्ञानी कोणी नाही. झेनोफनच्या देववाणीत ज्ञानाच्या जागी मनाची मुक्तता, न्यायीपणा आणि संयम हे गुण येतात. सॉक्रेटिसला ऐकू येणारा तो दैवी आवाज प्लेटोच्या लेखी त्याला फक्त एखाद्या गोष्टीपासून परावृत्त करतो, तर झेनोफनच्या लेखी काय करावे हेही सांगतो.

सॉक्रेटिसचा स्वतःचा एकही ग्रंथ नाही हे मला माहीत होते, पण त्याचा अर्थ आता कुठे जाणवू लागला आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की यांतील कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि या साऱ्या लिखाणातून खुद्द सॉक्रेटिसपर्यंत पोहोचण्याची काही वाट आहे का?

प्रतिसाद : सांजवात

आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे. उत्तराआधी साक्षीदार कोण आणि कुठे होते हे पाहून घेऊ, कारण मला स्वतःला या गुंत्याचे पहिले टोक तिथेच सापडले.

खटला झाला इ.स.पू. ३९९ मध्ये. तेव्हा सॉक्रेटिस सत्तरीचा होता आणि प्लेटो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा. प्लेटो न्यायालयात हजर होता असे त्याच्या पुस्तकातच आले आहे. झेनोफन त्या वेळी अथेन्समध्ये नव्हता. इराणी राजपुत्र सायरस याच्या भाडोत्री ग्रीक फौजेत सामील होऊन तो इ.स.पू. ४०१ मध्ये आशियात गेला होता आणि खटला चालू असताना तिकडेच होता. खटल्याची हकिकत आपण हर्मोजेनिस नावाच्या मित्राकडून ऐकली, असे तो प्रामाणिकपणे नोंदवतो. त्यामुळे शिक्षेच्या प्रसंगापुरते मी प्लेटोच्या बाजूला झुकेन. ज्या पाचशेच्या आसपास लोकांनी ते भाषण प्रत्यक्ष ऐकले होते त्यांतले बरेच जण हयात असताना, स्वतःला जामीन म्हणून नावानिशी उभे करणारी गोष्ट रचून सांगणे अवघड असते.

पण सर्वांत जुना साक्षीदार या दोघांपैकी कोणीच नाही. तो आहे विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस. त्याचे 'ढग' हे नाटक इ.स.पू. ४२३ मध्ये डायोनिससच्या उत्सवात सादर झाले आणि स्पर्धेत तिसरे, म्हणजे शेवटचे आले. प्लेटो तेव्हा चार-पाच वर्षांचा असेल आणि सॉक्रेटिस सेहेचाळिशीच्या आसपासचा. म्हणजे या तिघांपैकी हा एकच लेखक असा, की ज्याने सॉक्रेटिसवर लिहिले तेव्हा पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नव्हते. नाटकातल्या 'विचारशाळे'चा एक शिष्य सांगतो की एक पिसू सॉक्रेटिसचा मित्र खेरेफोन याच्या भुवईला चावून सॉक्रेटिसच्या डोक्यावर उडाली, तेव्हा तिची उडी किती पावलांची हे मोजायला गुरूंनी मेण वितळवले, पिसूचे पाय त्यात बुडवले, मेण थिजल्यावर तिच्या पायांत तयार झालेले जोडे काढून घेतले आणि त्या मापाने अंतर मोजले. थोड्या वेळाने खुद्द सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लोंबकळताना दिसतो, कारण सूर्याचे चिंतन जमिनीवरून नीट होत नाही.

ही सरळ थट्टा आहे आणि तिच्यात निसर्गचिंतक, फी घेऊन वक्तृत्व शिकवणारे सोफिस्ट आणि सॉक्रेटिस यांची मिसळ करून टाकली आहे. तरी ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस ज्यूरीला सांगतो की आताच्या फिर्यादींपेक्षा, म्हणजे अ‍ॅनिटस आणि त्याच्या साथीदारांपेक्षा, मला जुन्या फिर्यादींची भीती अधिक वाटते, आणि त्या संदर्भात तो या नाटककाराचे नाव घेतो. चोवीस वर्षांपूर्वीची टोपली अजून लोकांच्या डोळ्यांपुढे होती. आपल्या गटाने 'ढग' वाचले नसेल तर ते अवश्य वाचावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रतिसाद : मूळाक्षर

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, परंतु 'साक्षीदार' हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. साक्ष म्हटली की जे घडले ते सांगण्याचा हेतू आपण गृहीत धरतो. या लेखकांचा हेतू तो होता का, हे आधी तपासले पाहिजे.

सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतर त्याच्या सोबत्यांपैकी अनेकांनी त्याला बोलता ठेवून संवाद लिहिले. अँटिस्थिनिस, स्फेटस गावचा इस्किनिस, एलिसचा फीडो या लेखकांचे लिखाण आज तुकड्यांच्या रूपातच उरले आहे; प्लेटो आणि झेनोफन यांचे सुदैवाने पूर्ण मिळते. अ‍ॅरिस्टॉटल आपल्या काव्यशास्त्रात या 'सॉक्रेटिक संवादां'चा उल्लेख कोणत्या प्रकरणी करतो पाहा: सोफ्रॉनच्या गद्य प्रहसनांच्या जोडीला, अनुकरणाच्या कलेचा एक प्रकार म्हणून. म्हणजे दोन पिढ्यांनंतरच्या वाचकाच्या दृष्टीने हा वाङ्मयप्रकार होता, वृत्तांत नव्हे. हे विधान मला या सबंध वादात कळीचे वाटते.

खुद्द लेखकांनीही याची लपवाछपवी केलेली नाही. झेनोफन आपल्या 'सिंपोझियम'च्या आरंभी म्हणतो की या मेजवानीला मी हजर होतो. पण ती मेजवानी इ.स.पू. ४२२ ची आहे आणि तेव्हा तो जेमतेम आठ वर्षांचा असणार. प्लेटोच्या 'मेनेक्सेनस'मध्ये तर सॉक्रेटिस इ.स.पू. ३८७-३८६ च्या तहापर्यंतच्या घटना सांगतो, म्हणजे स्वतःच्या मृत्यूनंतर बारा-तेरा वर्षांनी घडलेल्या. प्लेटोला हे लक्षात आले नसेल, असे मानणे मला अशक्य वाटते.

आणि 'थिएटेटस'ची सुरुवात तर मी कितीदा वाचली असेन. मेगाराचा युक्लिडिस सांगतो की सॉक्रेटिसकडून हा संवाद ऐकून घरी आल्यावर मी लगेच टिपणे केली, मग सवडीने आठवून लिहिले, अथेन्सला गेलो की जे आठवत नसे ते सॉक्रेटिसला विचारायचे आणि परत येऊन दुरुस्त करायचे. शिवाय 'मग तो म्हणाला', 'मग मी म्हणालो' असे मधले शब्द कंटाळवाणे होतात म्हणून ते काढून टाकले. एवढे सांगून तो गुलामाला पोथी वाचायला लावतो. आठवण, टिपण, विचारणा, दुरुस्ती आणि अखेर कलात्मक संपादन: संवाद कसा तयार होतो याची पायरी न् पायरी प्लेटोने वाचकापुढे उघडी करून ठेवली आहे, आणि तीही युक्लिडिसच्या नावावर. स्वतःच्या लेखनाविषयी मात्र त्याने असे एक वाक्यही संवादांत लिहिलेले नाही.

आपल्याकडच्या लीळाचरित्राशी ताडून पाहिले तर फरक लगेच कळतो. चक्रधरस्वामींनीही ग्रंथ लिहिला नाही. म्हाइंभटांनी भक्तांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि एकच प्रसंग दोघांना वेगळा आठवत असेल तर तो भेदही नोंदवला. अथेन्समध्ये असा संकलक झाला नाही. तिथे प्रत्येक शिष्याने आपापला अखंड सॉक्रेटिस घडवला. म्हणून 'खरा कोणाचा' या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. प्लेटोचा सॉक्रेटिस प्लेटोचा म्हणून वाचावा, झेनोफनचा झेनोफनचा म्हणून.

प्रतिसाद : कातळ

मूळाक्षर यांचा युक्तिवाद भक्कम आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. लेखकांनी संवाद रचले हे मान्य केले म्हणून ज्याच्यावर ते रचले तो माणूसच हाती लागत नाही, असे म्हणता येत नाही. एकमेकांशी न जुळणारे लेखक एखाद्या ठिकाणी अचानक जुळतात तेव्हा तिथे थांबून पाहावे, अशी माझी पद्धत आहे.

खेरेफोनचेच पाहा. सांजवात यांनी सांगितलेल्या पिसूच्या विनोदात ज्याची भुवई आली, तोच हा खेरेफोन प्लेटोच्या आणि झेनोफनच्याही पुस्तकात डेल्फीला जाऊन सॉक्रेटिसविषयी प्रश्न विचारतो. देववाणीचे शब्द दोघे वेगळे देतात, पण विचारणारा तिघांनाही परिचित असलेला तोच मित्र आहे. त्याचप्रमाणे इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसायच्या लढाईनंतर, वादळात बुडणाऱ्या खलाशांना न वाचवल्याबद्दल सेनापतींचा निवाडा एकत्रित मतदानाने उरकावा अशी मागणी झाली, तेव्हा सभेच्या कामकाजाची जबाबदारी असलेल्यांपैकी एक म्हणून सॉक्रेटिसने त्या बेकायदा प्रस्तावाला विरोध केला. ही गोष्ट प्लेटो सांगतो आणि झेनोफन आपल्या ग्रीक इतिहासातही सांगतो, जिथे सॉक्रेटिसचा गौरव करणे हा विषयच नाही. दोन वर्षांनी 'तिसांच्या', म्हणजे अथेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या तीस जणांच्या, जुलमी राजवटीने सलामिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम दिला आणि सॉक्रेटिसने तो पाळला नाही, हेही दोघांकडे आहे. जमावापुढे आणि हुकूमशहांपुढे सारखाच न वाकणारा हा माणूस मला तरी कल्पित वाटत नाही.

उलट, दोघे जिथे जुळत नाहीत तिथूनही पुष्कळ कळते. त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसच्या सोबत वावरणारा होता. झेनोफन आपल्या 'आठवणीं'च्या सुरुवातीलाच क्रिटियस आणि अल्सिबायडीस यांना सॉक्रेटिसने बिघडवले हा आरोप पानेच्या पाने खोडून काढतो. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त क्रिटियसचे नावही नाही. तो प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ होता. लोकांच्या मनात मात्र हा आरोप टिकून राहिला. इ.स.पू. ३४५ च्या सुमारास वक्ता इस्किनिस (वर आलेला संवादलेखक वेगळा) भर न्यायालयात अथेन्सवासीयांना म्हणतो की सोफिस्ट सॉक्रेटिसला तुम्ही ठार केलेत, कारण त्याने क्रिटियसला शिकवले होते. हा वक्ता शिष्य नव्हता, नाटककार नव्हता, आणि सॉक्रेटिसवर लिहायलाही बसला नव्हता. ओघात आलेले असे वाक्य मला एखाद्या संवादाइतकेच मोलाचे वाटते.

अ‍ॅरिस्टॉटलला आपण वाङ्मयप्रकारासाठी उद्धृत केले, पण त्याची दुसरी नोंदही पाहावी. तो सतराव्या वर्षी, इ.स.पू. ३६७ मध्ये, प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षे राहिला. सॉक्रेटिसला त्याने पाहिले नाही, पण पाहिलेल्यांमध्ये तो वाढला. 'मेटाफिजिक्स'मध्ये तो म्हणतो की दोन गोष्टी न्यायाने सॉक्रेटिसच्या म्हणता येतील: उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे नेणारा युक्तिवाद आणि सार्वत्रिक व्याख्येचा शोध, मात्र या सार्वत्रिकांना वस्तूंपासून वेगळे अस्तित्व सॉक्रेटिसने दिले नाही, ते इतरांनी दिले. म्हणजे 'पावित्र्य म्हणजे काय' असे युथिफ्रोला विचारत राहणारा सॉक्रेटिस गुरूचा, आणि 'फीडो'त वस्तूंपलीकडच्या सत्-रूपांवर आत्म्याचे अमरत्व उभारणारा सॉक्रेटिस बहुतांशी प्लेटोचा. वाचनगटाने वाचलेल्या चार संवादांमधूनच ही सीमारेषा जाते.

शेवटी एक मातीतली गोष्ट. झेनोफन लिहितो की बाजारचौकात शिरायचे वय न झालेला युथिडेमस नावाचा तरुण जवळच्या एका जिनगराच्या दुकानात बसे आणि सॉक्रेटिस तिथे जाऊन त्याच्याशी बोले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला चरित्रकार डायोजिनिस लाएर्शियस हा सायमन नावाच्या जोडे शिवणाऱ्याविषयी सांगतो: सॉक्रेटिस त्याच्या दुकानी येऊन जे बोले, त्यातले आठवेल ते सायमन टिपून ठेवी. इतक्या उशिराच्या लेखकाने सांगितलेली गोष्ट म्हणून ती कोणी फारशी मनावर घेत नसे. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन उत्खननकर्त्यांना अथेन्सच्या आगोरात, म्हणजे त्या बाजारचौकात, सीमाशिलेला लागूनच, एक जुने घर सापडले. त्यात जोड्यांच्या तळव्याला मारायचे लोखंडी खिळे आणि नाडी ओवण्यासाठी लागणाऱ्या हाडाच्या कड्या मिळाल्या, आणि जवळच एका काळ्या पेल्याचा तुटका पाया मिळाला, ज्यावर 'सायमनचा' एवढेच कोरलेले होते. त्या घरात सॉक्रेटिस बसला होता हे यावरून सिद्ध होत नाही. पण चौकाच्या कडेला, कामाच्या ठोक्यांमध्ये चालणारी ती बोलणी कशा जागी होत असतील, हे त्या खिळ्यांइतके स्पष्टपणे मला कोणत्याही ग्रंथाने दाखवलेले नाही.

वाचनवेल

सर्वांचे मनापासून आभार. क्रिटियस प्लेटोचा नातलग होता हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. 'अपॉलॉजी'तली ती शांतता आता वेगळीच ऐकू येते. एक पुरवणी प्रश्न विचारतो. सॉक्रेटिसने लिहिले का नाही? 'फीड्रस'मध्ये त्याने लेखनावर टीका केली आहे असे कुठेतरी वाचले होते. तेच कारण मानावे का?

प्रतिसाद : मूळाक्षर

ते कारण सर्वत्र दिले जाते, पण मी ते मानत नाही. 'फीड्रस'मधली कथा अशी: इजिप्तचा देव थ्यूथ हा राजा थामसला आपली नवी विद्या, म्हणजे अक्षरे, दाखवून म्हणतो की हे स्मरणाचे औषध आहे. राजा उत्तर देतो की याने उलट विस्मरण वाढेल, कारण माणसे आतून आठवायचे सोडून बाहेरच्या खुणांवर विसंबतील. मग सॉक्रेटिस म्हणतो की लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात. जिवंत दिसतात, पण काही विचारले तर गंभीरपणे गप्प बसतात. 'औषध' म्हणून इथे आलेला ग्रीक शब्द 'फार्माकॉन' याचा अर्थ विष असाही होतो, आणि 'फीडो'त तुरुंगातला सेवक वाटून आणतो त्या पेयालाही प्लेटो हाच शब्द वापरतो. इतकी कोरीव बांधणी लेखणीशिवाय होत नाही. ही शंका लिहिणाऱ्याला आलेली शंका आहे, म्हणजे प्लेटोची. ज्याने लिहिलेच नाही त्याला ती इतकी कशाला सलावी?

शिवाय 'काहीच लिहिले नाही' यालाही 'फीडो'तच एक अपवाद सांगितला आहे, तो गटाच्या नजरेतून सुटला नसेल. डेलोसला गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत शिक्षा अमलात आणता येत नव्हती. त्या दिवसांत तुरुंगात सॉक्रेटिसने अपोलोचे एक स्तोत्र रचले आणि इसापच्या कथा पद्यात बसवल्या. मला स्वतःला कथा रचता येत नाहीत, म्हणून ज्या तोंडपाठ होत्या त्या घेतल्या, असे तो सांगतो.

कातळ यांचे म्हणणे मी पुन्हा वाचले. अर्गिनुसायच्या मुद्द्यावर मी माघार घेतो. तिथे माणूस हाती लागतो खरा. संवादांच्या बाबतीत मात्र माझे मत तेच आहे, आणि त्यासाठी आपल्या गटाने पुढच्या बैठकीत 'फीडो'चे पहिले पान पुन्हा उघडावे, अशी विनंती करतो. त्या ग्रंथाचा पहिलाच ग्रीक शब्द 'स्वतः' हा आहे. फ्लियस गावी एखेक्रेटिस विचारतो: स्वतः तू, फीडो, सॉक्रेटिसने विष घेतले त्या दिवशी त्याच्याजवळ होतास, की दुसऱ्या कोणाकडून ऐकलेस? फीडो म्हणतो, स्वतः होतो. मग तो हजर असलेल्यांची एकेक नावे सांगू लागतो, आणि सांगता सांगता म्हणतो की प्लेटो, मला वाटते, आजारी होता.